ओढ्यातली कयाक फेरी : नाव नोंदवण्याआधी हे वाचा

कोलाडला कुंडलिकेत वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, त्यामुळे तिथे पाण्याची वेळ ठरलेली असते. आमच्या कयाकच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद नावेच्या, फेऱ्या साताऱ्याच्या कडेने, यवतेश्वरच्या उतारावरून वेण्णेकडे धावणाऱ्या ओढ्यांत होतात. वर धरण नाही. पाऊस पडला की पाणी येतं, उघडीप मिळाली की काही तासांत खडक उघडे पडतात. म्हणून आम्ही एक तारीख देत नाही, सलग तीन दिवस मोकळे ठेवायला सांगतो. फेरी होणार की नाही, हे त्या दिवशी सकाळी सहाला फोनवर कळतं. पाण्यामुळे रद्द झाली तर पूर्ण पैसे परत.

पाण्याचा अंदाज

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. पाच चौरस किलोमीटरच्या उतारावर तासाभरात २० मिलिमीटर पडला, निम्मा मुरला आणि उरलेला दोन तासांत ओढ्याने वाहून नेला, तर सेकंदाला सुमारे सात हजार लिटर येतं. पाच-सहा मीटर रुंदीच्या ओढ्याला एवढं भरपूर होतं. जूनमध्ये कोरडी जमीन बरंचसं पाणी पिते. जुलैअखेरीस ती तुडुंब असते, त्यामुळे तेवढ्याच पावसात दुप्पट पाणी येऊ शकतं. वस्तीतल्या काँक्रीटवरून आणि गटारांतून येणारा लोंढा तर आणखी लवकर पोचतो. गावात ऊन असलं तरी डोंगरावर काय चाललंय, ते पाहावंच लागतं.

सुरुवातीच्या पुलाच्या खांबावर आम्ही पट्टी रंगवली आहे. ३५ सेंटिमीटरच्या खाली नाव दगडांवर घासते. ३५ ते ६० नवख्यांसाठी. ६० ते ८० फक्त उलटलेली नाव आत बसूनच सरळ करता येणाऱ्यांसाठी. ८० च्या वर आम्हीही उतरत नाही. पाणी अर्ध्या तासात १० सेंटिमीटर चढलं, तर आकडा कितीही असो, फेरी थांबते. या बाबतीत आग्रह करू नका.

खरा धोका कुठे

उंच धबधबा दिसतो, त्यामुळे माणूस सावध असतो. बंधारा तसा दिसत नाही. पाणी काठापासून काठापर्यंत सपाट, गुळगुळीत पडतं आणि खाली पृष्ठभागावरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडेच येतं. त्यात सापडलेला माणूस किंवा नाव तिथल्या तिथे गरगरत राहते. फरशी पुलाच्या पाइपांचं तसंच. तोंडाशी पाचट, बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक अडकलेलं असतं, पाणी त्यातून निघून जातं, माणूस जात नाही. या प्रत्येक जागेच्या आधी आपण काठाला लागतो आणि सुमारे २० किलोची नाव चिखलातून उचलून पलीकडे नेतो. फेरीत तीनदा तरी उचलावी लागते.

नाव उलटली तर

उलटणं होणारच. आधी साठलेल्या पाण्यात सराव होतो. उलटल्यावर पुढे वाका, स्प्रे स्कर्टचा (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून नावेच्या तोंडावर ताणलेल्या कापडाचा) पुढचा पट्टा शोधा, तो आधी पुढे मग वर ओढा आणि दोन्ही हातांनी नाव कमरेपासून पायांकडे ढकला. पट्टा बाहेर आहे का, हे पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने स्वतः हात लावून बघायचं. तो आत दुमडला गेला तर स्कर्ट सुटत नाही.

बाहेर आल्यावर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहू नका. काळ्या खडकाच्या फटीत पाय अडकला की प्रवाह अंग पुढे दाबतो आणि तोंड पाण्याखाली जातं. समोर आडवं झाड आलं तर मात्र उलटं करायचं: पोटावर वळून त्याच्याकडे जोरात पोहा आणि हातांनी वर चढा, पाय खाली जाऊ देऊ नका. आम्ही टाकलेली दोरी छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका. एक शिट्टी म्हणजे इकडे बघा, तीन म्हणजे मदत. वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा.

तुम्ही काय आणायचं

लाइफ जॅकेट, हेल्मेट, वल्हं आम्ही देतो. तुम्ही लेसचे बूट आणि सिंथेटिक कपडे आणा. जीन्स आणि चपला नकोत. चष्म्याला दोरी लावा. पोहता येणं आवश्यक आहे. खांदा आधी निखळला असेल, हृदयविकार असेल किंवा गर्भावस्था असेल तर नोंदणी करू नका. वल्हं मारताना कोपरं खांद्याखाली ठेवा, हात वर गेला की खांदा निखळण्याचा धोका वाढतो.

मोसमातल्या पहिल्या दोन पुरांत आम्ही फेरी घेत नाही, तेव्हा उन्हाळाभरचा कचरा, काचा आणि सळ्या वाहत येतात. नंतरही पाणी स्वच्छ नसतं. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी येऊ नका. फेरीनंतर महिन्याभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असं काही झालं, तर पुराच्या पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) तपासणी वेळेत होते.