स्वतःचा प्रोग्रॅम स्वतःच्याच घरात

लिनक्स नव्याने वापरू लागलेल्यांमध्ये एक समजूत घट्ट रुजलेली आढळते: प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचा म्हणजे कमांडच्या आधी 'सुडो' (ती कमांड व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लिहिलेच पाहिजे. तरीही काम अडले तर फाइलची परवानगी सरसकट ७७७ (म्हणजे वाचणे, लिहिणे, चालवणे सर्वांना खुले) करून टाकायची, हा उपाय एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि तो का लागू पडला हे कोणी विचारत नाही. कारण न समजता केलेला उपाय हा तोडगाच असतो, मग तो टर्मिनलमध्ये केलेला का असेना.

वास्तविक स्वतःपुरत्या वापरायच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमसाठी रूटचा, म्हणजे साऱ्या यंत्रावरचा, अधिकार सहसा लागत नाही. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सने जिची घडण उचलली त्या जुन्या प्रणालीच्या, दृष्टीने प्रोग्रॅम म्हणजे चालवण्याची परवानगी असलेली एक फाइल. ती आपल्या होम डिरेक्टरीत, म्हणजे स्वतःच्या फोल्डरमध्ये, कोठेही ठेवली आणि तिचा पूर्ण पत्ता दिला, तर ती चालते. प्रश्न एवढाच उरतो, की पत्ता न देता नुसते नाव टाइप केले तर ती सापडावी कशी?

या प्रश्नाचे उत्तर ही मला युनिक्समधील सर्वांत देखण्या रचनांपैकी एक वाटते. प्रोग्रॅम सुरू करण्याचे काम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, करतो, परंतु 'एक्झेकव्हीई' या त्याच्या सिस्टिम कॉलला (त्याच्याकडे काम मागण्याच्या ठरलेल्या वाटेला) पत्ता तयार द्यावा लागतो. शोधाशोध करणे त्याच्या कामात बसत नाही. ती करतो शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपण टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्रॅम. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतील शेलमध्ये शोधाचा क्रम पक्का ठरलेला होता: आधी चालू डिरेक्टरी (आपण त्या वेळी जिच्यात आहोत ती), मग /बिन, मग /यूएसआर/बिन. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला आणि हा क्रम 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमध्ये (बदलता येणाऱ्या नोंदीत) वापरणाऱ्याच्या हाती आला.

पाथ म्हणजे कोलनने विलग केलेली डिरेक्टऱ्यांची यादी. टाइप केलेल्या नावात तिरकी रेघ असेल तर शेल यादी पाहतच नाही. नसेल तर डावीकडून एकेका डिरेक्टरीत डोकावतो आणि त्या नावाची चालवण्याजोगी पहिली फाइल मिळताच थांबतो. म्हणून एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम असले तर यादीत आधी येणारी जागा जिंकते; 'टाइप -ए' या कमांडने असे सर्व दावेदार पाहता येतात. शिवाय बॅश हा लिनक्सवर सर्रास आढळणारा शेल एकदा सापडलेला पत्ता एका तक्त्यात नोंदवून ठेवतो, म्हणजे दर वेळी तोच शोध घ्यावा लागत नाही. समजा, /यूएसआर/बिनमधील एक प्रोग्रॅम आपण नुकताच चालवला आणि लगेच त्याची नवी आवृत्ती यादीत आधी येणाऱ्या डिरेक्टरीत आणून ठेवली, तरी त्याच खिडकीत जुनाच प्रोग्रॅम चालत राहतो. 'हॅश -आर' म्हटले की तक्ता कोरा होतो आणि नवी आवृत्ती दिसू लागते.

या यादीत एक धोक्याची जागाही आहे. दोन कोलन लागोपाठ आले किंवा शेवटी एक कोलन राहून गेला, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'चालू डिरेक्टरी' असा होतो. मग सर्वांना लिहिण्यास मोकळ्या असलेल्या डिरेक्टरीत एखाद्या नेहमीच्या कमांडच्या नावाने, किंवा टाइप करताना सहज होणाऱ्या चुकीच्या नावाने, कोणी फाइल ठेवली असेल, तर ती आपल्या अधिकाराने चालू शकते.

आता जागा निवडणे सोपे होते. /यूएसआर/बिन ही पॅकेज मॅनेजरची, म्हणजे प्रणालीचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या व अपडेट करणाऱ्या साधनाची, जागा आहे. तेथे हाताने ठेवलेली फाइल पुढच्या अपडेटमध्ये पुसली जाऊ शकते. /यूएसआर/लोकल ही यंत्राच्या व्यवस्थापकासाठी राखलेली, सर्वांना उपयोगी पडणाऱ्या प्रोग्रॅमची जागा. आणि एकट्यासाठी होम डिरेक्टरीतील .लोकल/बिन. पूर्वी होम डिरेक्टरीत नुसती 'बिन' ठेवण्याची रीत होती आणि ती आजही चालते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने मात्र २००८ मध्येच वैयक्तिक इन्स्टॉलेशनसाठी .लोकल स्वीकारले. सोबत अनेक फाइली असलेला मोठा प्रोग्रॅम वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून .लोकल/बिनमध्ये त्याची केवळ सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण) ठेवावी.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये .लोकल/बिन ही डिरेक्टरी अस्तित्वात आहे का, हे लॉगिनच्या वेळी तपासले जाते आणि असेल तरच ती पाथमध्ये घातली जाते. त्यामुळे ती नव्याने तयार केल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावे लागते, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण 'सापडत नाही' म्हणून पुन्हा सुडोकडे वळतात.

'एका ओळीत इन्स्टॉल करा' अशी भलावण करीत इंटरनेटवरून आणलेली स्क्रिप्ट थेट सुडोने चालवायला सांगणाऱ्या सूचनांपासून मी कळकळीने सावध करू इच्छितो. घरात इन्स्टॉल केलेला वाईट प्रोग्रॅमही आपल्या स्वतःच्या फाइलींना हानी पोहोचवू शकतो, परंतु साऱ्या यंत्राचा ताबा त्याला आयता मिळत नाही.

घरात ठेवलेला प्रोग्रॅम क्रॉनकडून, म्हणजे वेळापत्रकानुसार कामे चालवणाऱ्या सेवेकडून, ठरावीक वेळी चालवून घ्यायचा असेल, तर तेथे त्याचा पूर्ण पत्ता लिहावा, कारण क्रॉन आपली लॉगिनची फाइल वाचत नाही आणि त्याचा पाथ अगदी तोकडा असतो.