‘इर’ची रूपे आणि ‘इरोस’चा वाद: पार्श्वभूमी

जुलै २०१७मध्ये माद्रिदच्या भाषा-अकादमीने ‘इरोस’ हे रूप स्वीकारल्याची बातमी तिच्याच एका कादंबरीकार सदस्याने समाजमाध्यमावर दिली आणि स्पेनमध्ये वादाला तोंड फुटले. ‘इर’ म्हणजे जाणे. स्पॅनिश शिकणारा प्रत्येकजण पहिल्या काही आठवड्यांतच या क्रियापदापाशी अडखळतो. वाद मात्र त्याच्या सर्वांत अनियमित रूपांवरून झाला नाही. तो झाला आज्ञार्थावरून: मित्रांच्या घोळक्याला ‘तुम्ही निघा’ सांगताना काय म्हणायचे?

नियम तसा सरळ आहे. ‘बोसोत्रोस’ला, म्हणजे स्पेनमधल्या सलगीच्या ‘तुम्ही’ला आज्ञा करायची तर मूळ रूपातला शेवटचा ‘र’ काढून ‘द’ लावायचा. ‘कांतार’चे ‘कांताद’ होते. पुढे ‘ओस’ (स्वतःला) हे सर्वनाम जोडले की तो ‘द’ गळतो. ‘सेंताद’ अधिक ‘ओस’ म्हणजे ‘सेंताओस’, बसा. ‘बेस्तिद’ अधिक ‘ओस’ म्हणजे ‘बेस्तीओस’, कपडे घाला. इथे ‘ई’वर आघातचिन्ह (जोर दाखवणारी तिरकी रेघ) द्यावेच लागते. याच चालीने ‘इद’ अधिक ‘ओस’चे ‘ईओस’ व्हायला हवे. जुन्या ग्रंथांत ते सापडते, पण आज कोणी बोलत नाही. त्याऐवजी ‘द’ न गाळता ‘इदोस’ हेच शुद्ध मानले गेले. ‘द’ टिकवणारे अख्ख्या भाषेत हे एकमेव क्रियापद आहे. म्हणजे २०१७मध्ये ‘नियम वाचवा’ म्हणणारे खरे तर एका अपवादाचीच बाजू घेत होते, आणि हे त्या चर्चेत फारसे कोणी बोलले नाही.

लोकांच्या तोंडी ‘इरोस’ (मूळ रूप ‘इर’ अधिक ‘ओस’) बसले त्याला कारणे आहेत. स्पॅनिश उच्चारात शब्दाच्या शेवटचा ‘द’ फार दुबळा असतो. ‘माद्रिद’चे ‘माद्री’ तिथले लोकच करतात. त्यामुळे ‘बेनिद’ (या) ऐवजी मूळ रूप ‘बेनिर’च वापरण्याची सवय स्पेनभर जुनी आहे. दोन स्वरांमध्ये अडकलेला ‘द’ही असाच विरतो. मोठ्या क्रियापदात तो गेला तरी शब्दाचा सांगाडा उरतो. ‘इदोस’मधून ‘द’ गेला तर दोन स्वर आणि शेवटचा एक ‘स’ एवढेच राहते, ऐकणाऱ्याला धरायला काही नाही. ‘र’ तिथे भक्कम उभा राहतो. शिवाय ‘इदोस’ हे ‘गेलेले’ अशा अर्थाचे अनेकवचनी धातुसाधितही आहे.

अकादमीने नेमके काय मान्य केले, ते नीट पाहायला हवे. प्रमाण भाषेत ‘इदोस’ अधिक श्रेयस्कर, पण सुशिक्षित बोलणाऱ्यांतही सर्रास रूढ असल्यामुळे ‘इरोस’ ग्राह्य. बस्स. ‘सेंतारोस’ (बसा), ‘कायारोस’ (गप्प बसा) ही रूपे अजूनही अशुद्धच आहेत. सर्वनाम नसेल तर ‘इद’च, तिथे ‘इर’ चालत नाही. नकारात तर आज्ञार्थाचे हे रूप येतच नाही: ‘नो ओस बायाइस’, निघू नका. बातमीचा अर्थ अनेकांनी ‘आता काहीही चालते’ असा लावला, तो निखालस चुकीचा. निर्णय योग्यच होता. उशिरा आला आणि त्यामागचे ध्वनिशास्त्र लोकांपर्यंत नीट पोचले नाही. परीक्षेला बसणाऱ्याने लेखी उत्तरात ‘इदोस’ लिहावे. २०१७पूर्वीच्या पुस्तकांत ‘इरोस’वर फुली मारलेली असते.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ‘इर’चा तोकडा देह. लॅटिनमधल्या ‘ईरे’ची वर्तमानकाळातली काही रूपे इतकी लहान होती की बोलण्यात ती टिकेनात. त्यांच्या जागी ‘वादेरे’ हे दुसरे क्रियापद सरकले आणि ‘बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान’ ही आजची मालिका तयार झाली. भूतकाळासाठी तिसरेच कूळ आले: ‘असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे ‘फुई’. तिथे ‘होतो’ म्हणजे तिथे ‘जाऊन आलो’, हा अर्थविस्तार सहज झाला. म्हणून ‘फ्वी, फ्विस्ते, फ्वे’ ही रूपे ‘सेर’ (असणे) आणि ‘इर’ या दोघांचीही आहेत. गोंधळ कमी होतो तो पुढच्या शब्दामुळे: ‘फ्वे मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता, ‘फ्वे आ माद्रिद’ म्हणजे तो माद्रिदला गेला. मराठी माणसाने याला बिचकू नये. ‘जातो’ आणि ‘गेला’ हेही संस्कृतच्या ‘या’ आणि ‘गम्’ अशा दोन वेगळ्या धातूंचे वंशज आहेत.

मूळ ‘ईरे’ उरले ते अपूर्ण भूतकाळात, भविष्यात आणि ‘इद’मध्ये. ‘इबा’ (जात होतो) मधला ‘ब’ थेट लॅटिनचा आहे. ‘पार्तिर’सारख्या ‘इर’ने संपणाऱ्या इतर क्रियापदांनी तो गमावला आणि ‘पार्तिया’ झाले. अपूर्ण भूतकाळात अनियमित क्रियापदे तीनच: सेर, इर, बेर (पाहणे). ‘इबा’च्या सहा रूपांपैकी आघातचिन्ह फक्त ‘ईबामोस’वर येते. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या अक्षरांचा उच्चार एकच असल्याने ‘इबा’ व्हीने लिहिण्याची चूक स्पेनमधली मुलेही करतात; तसे लिहिले की तिथल्या मूल्यवर्धित कराचे लघुरूप होते. ‘बाया’ (जावे) चेही तसेच. व्ही आणि वायने जाणे, व्ही आणि दोन एलने कुंपण, बी आणि वायने रसाळ लहान फळ. बहुतेक प्रदेशांत तिन्हींचा उच्चार सारखाच.

‘बोय’च्या शेवटचा ‘य’ उशिराचा आहे. आधी ‘बो’ होते. १४९२मध्ये छापलेल्या पहिल्या स्पॅनिश व्याकरणात दोन्ही रूपे नोंदलेली आहेत, आणि असे एकाक्षरी शब्द फारच आखूड म्हणून सौंदर्यासाठी पुढे ‘इ’ लावतात, असे कारण दिले आहे. आजचे अभ्यासक त्यावर समाधानी नाहीत आणि या ‘य’च्या उगमाबद्दल त्यांचे एकमतही नाही.

‘बामोस’ची गंमत वेगळी. ते एकेकाळी संकेतार्थाचेही, म्हणजे इच्छा-शंका सांगणारे, रूप होते. म्हणूनच ‘चला’ म्हणताना आजही ‘बामोस’ म्हणतात आणि ‘बायामोस’ भारदस्त वाटते. नकारात मात्र ‘नो बायामोस’च. ‘नोस’ जोडले की ‘स’ गळून ‘बामोनोस’ होते, तेही पहिल्या ‘आ’वर आघातचिन्ह देऊन.

भविष्यकाळ ‘इरे, इरास, इरा’ (जाईन, जाशील, जाईल) पूर्ण नियमित आहे. मूळ रूपापुढे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमान रूपे चिकटून तो बनला, आणि मध्ययुगात त्या दोन तुकड्यांमध्ये सर्वनाम घुसत असे: ‘इर-मे-ए’, म्हणजे आजचे ‘मे इरे’. ‘इरिया’ (गेलो असतो) हे भावंड कुठे बसवायचे, यावर व्याकरणकार दीर्घकाळ घोळ घालत होते. १७७१च्या अकादमी-व्याकरणात ते संकेतार्थात होते, १९१७मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र ‘अर्थ’ (आज्ञार्थ, संकेतार्थ यांसारखा वर्ग) काढला गेला, अकादमीच्याच १९७३च्या व्याकरण-आराखड्यात ते स्वार्थात, म्हणजे साध्या विधानाच्या रूपांत, आले. काराकासमध्ये जन्मून चिलीत स्थायिक झालेल्या व्याकरणकाराने १८४७मध्येच त्याला स्वार्थात धरले होते. ‘फ्वी’च्या काळाची नावेही अशीच तीन: स्पेनच्या पाठ्यपुस्तकांत ‘इन्देफिनिदो’, अकादमीकडे ‘पेर्फेक्तो सिंप्ले’, अमेरिकेत नुसते ‘प्रेतेरितो’. पुस्तक बदलले की आधी कोष्टकाचे शीर्षक पाहावे.

‘फ्वेरा’ आणि ‘फ्वेसे’ या संकेतार्थी भूतकाळाच्या जोडीतले पहिले रूप लॅटिनच्या पूर्ण भूतकाळाचे आहे. वृत्तपत्री भाषेत ते अजून त्या अर्थाने डोकावते. ‘फ्वेरे’ हा संकेतार्थी भविष्य आता कायद्याच्या मसुद्यांत आणि म्हणींतच उरला आहे: ‘आदोंदे फ्वेरेस, आस लो के बिएरेस’, जिथे जाशील तिथे जे दिसेल ते कर.

जुनी पुस्तके वाचणाऱ्याला ‘फ्वी’ आणि ‘फ्वे’वर आघातचिन्हे दिसतात. १९५२च्या नव्या लेखननियमांनी ती काढली आणि १९५९पासून ते नियम बंधनकारक झाले. आज तिथे चिन्ह दिले तर चूक.

लॅटिन अमेरिकेला ‘इरोस’च्या वादाशी देणेघेणे नाही. तिथे ‘बोसोत्रोस’ नाही. सलगीतही ‘उस्तेदेस’ (एरवी आदरार्थी ‘तुम्ही’) आणि ‘बायान्से’ (निघा). अर्जेंटिनात एकट्या ‘बोस’ला (तू) आज्ञा करताना ‘इर’चे रूप वापरतच नाहीत, ‘आंदार’ (चालणे) मधून उसने घेऊन ‘आंदा’ म्हणतात. तिथे बोलण्यात ‘इरे’ही मागे पडत चालले आहे, ‘बोय आ’ अधिक मूळ रूप हाच रोजचा भविष्यकाळ. गोव्यात आधी पोर्तुगीज शिकलेल्यांनी इथे जपावे. पोर्तुगीजमध्ये ‘वो’ (मी जातो) नंतर थेट मूळ रूप येते, स्पॅनिशमध्ये मधला ‘आ’ गाळता येत नाही: ‘बोय आ कोमेर’, मी खाणार आहे. तो ऐकू येईनासा होतो ते पुढचा शब्दही ‘आ’ने सुरू झाला की, जसे ‘बोय आ आब्लार’ (मी बोलणार आहे). लिहिताना मात्र तो लागतोच.