वीस तासांच्या उड्डाणामागचा करार

क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये बोइंग आणि एअरबस या दोघांनाही जाहीर आव्हान दिलं: भरलेलं विमान घेऊन सिडनीहून लंडन किंवा न्यूयॉर्क थेट गाठता येईल असं काहीतरी बनवा. योजनेचं नाव 'प्रोजेक्ट सनराइज'. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने एअरबसचं ए३५०-१००० पसंत केलं. ऑर्डर मात्र दिली नाही, कारण वैमानिकांशी करार व्हायचा होता. त्यानंतरचे साडेतीन महिने जी ओढाताण झाली, तिच्या मुळाशी नव्वद वर्षांपूर्वी सुरू झालेला एक वाद आहे: वैमानिकाला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

विमानं जसजशी वेगवान होऊ लागली, तसतसा हा वाद पेटला. १९३०च्या सुमारास अमेरिकेत कंपन्यांना तासावर पैसे द्यायचे होते, कारण वेगवान विमान तेच अंतर कमी तासांत कापतं. वैमानिक म्हणायचे, मैलांवर द्या. डेव्हिड बेन्की यांनी १९३१ मध्ये उभी केलेली वैमानिकांची संघटना हा प्रश्न घेऊन राष्ट्रीय कामगार मंडळापुढे गेली आणि १९३४ मध्ये निर्णय क्रमांक ८३ आला. मूळ पगार, उड्डाणाच्या तासांचा दर, तो दर विमानाच्या वेगानुसार, रात्रीच्या तासांना जास्त, वर मैलांचा हिस्सा आणि महिन्याला ८५ तासांची कमाल मर्यादा, अशी त्याची मांडणी होती. पुढे विमानाचं वजनही हिशेबात आलं. मोठं, जड, वेगवान विमान म्हणजे जास्त पगार, ही जगभर रुजलेली रीत तिथली. लांबचा पल्ला हे स्वतंत्र कलम त्यात नव्हतं, कारण तेव्हा तशी विमानंच नव्हती.

क्वांटासला लांब पल्ल्याची सवय मात्र जुनी आहे. जपानने सिंगापूर घेतल्यावर ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी असलेला हवाई दुवा तुटला. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात कंपनीने पर्थहून सिलोनच्या कोग्गला तलावापर्यंत कॅटालिना समुद्री विमानं चालवली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद, आणि प्रवास २७ तासांपासून पार ३२ तासांपर्यंत. प्रवाशांना वाटेत दोनदा सूर्योदय दिसायचा. 'सनराइज' हे नाव तिथून आलं. ती युद्धाची वेळ होती. तिथल्या कामाचे तास आजच्या करारासाठी दाखला म्हणून पुढे करणं मला मान्य नाही.

नंतरचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासचं पहिलं ७४७-४०० विमान लंडनहून सिडनीला न थांबता आलं, २० तास ९ मिनिटांत. विकत तिकीट घेतलेला एकही प्रवासी नव्हता, टाक्यांत खास जड इंधन होतं. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या देशांतर्गत वैमानिकांनी जवळपास ३० टक्के पगारवाढीसाठी आंदोलन सुरू केलं: आम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच उडणार. पंतप्रधान बॉब हॉक यांनी हवाई दलाची विमानं प्रवासी वाहतुकीला लावली, सोळाशेहून अधिक वैमानिकांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि शेवटी ते हरले. क्वांटासचे वैमानिक यात नव्हते. त्यांची संघटना, 'आयपा', १९८१ मध्येच वेगळी झाली होती. पण संघटित वैमानिकांची फळी कशी मोडते, हे त्या देशातल्या प्रत्येक वैमानिकाने पाहिलं. २०११ मध्ये पाळी क्वांटासच्या वैमानिकांवर आली. तीन संघटनांशी वाद चालू असताना क्वांटासचे प्रमुख अ‍ॅलन जॉइस यांनी एका शनिवारी कंपनीची सगळी विमानं जमिनीवर उतरवली. आयपा त्या तिघांतली एक होती.

लांब पल्ल्याची रोजची सेवा आधी सिंगापूर एअरलाइन्सने करून दाखवली. २००४ मध्ये सिंगापूरहून लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कजवळचं नेवार्क, अठरा तासांच्या घरात. त्याआधी २००१ पासून विमान उत्पादक, कंपन्या, नियामक आणि झोपेचे अभ्यासक एकत्र बसले आणि सोळा तासांच्या वरचं उड्डाण ही वेगळी जात आहे, तिला नेहमीचे ड्यूटीचे नियम लावून चालणार नाही, असं ठरलं. सिंगापूरने या उड्डाणांना दोन कॅप्टन आणि दोन फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, दिले. वाटाघाटींचं वातावरण मात्र तिथेही मोकळं नव्हतं. सार्सच्या साथीत झालेल्या पगारकपातीवरून २००३ मध्ये सदस्यांनी संघटनेचे पदाधिकारी हटवले, तेव्हा देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू स्वतः मध्ये पडले आणि सरकारने कायदाच बदलला.

अमेरिकन एअरलाइन्सचा अनुभव उलट आहे. तिला २००६ मध्ये डॅलस-बीजिंग सेवा हवी होती. ते उड्डाण वैमानिकांच्या करारातल्या वेळेच्या मर्यादेत बसेना, संघटनेशी तडजोड झाली नाही, आणि चीनच्या सेवेची ती परवानगी युनायटेड या दुसऱ्या कंपनीच्या वॉशिंग्टन-बीजिंग सेवेला मिळाली. विमान होतं, प्रवासी होते, करार नव्हता.

या वादात सर्वांत अवघड जागा म्हणजे बंक. कॉकपिटच्या मागे, छताच्या पोकळीत दोन बिछाने असतात. उभं राहता येत नाही. दोघे पुढे बसतात, दोघे इथे झोपतात, मग अदलाबदल. कंपनीच्या दृष्टीने ही विश्रांती. वैमानिकाच्या दृष्टीने ही ड्यूटी, कारण हाक आली की उठून काही मिनिटांत निर्णय घ्यायचा आहे. मुक्कामाच्या गाडीचा एसटी ड्रायव्हर गावात रात्र काढतो ती ड्यूटी की सुट्टी, हा प्रश्न ज्याने ऐकला असेल त्याला हे लगेच कळेल. अर्धवट झोपेतून उठलेला मेंदू काही वेळ जड असतो, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. २०१० मध्ये मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला अपघात होऊन १५८ जण गेले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. ते दुबईहून आलेलं, चार तासांच्या आतलं उड्डाण होतं. या घटनेनंतर, २०११ मध्ये, भारतात ड्यूटीच्या तासांचे नवे नियम आले.

दुसरी अडचण बाहेर फारशी बोलली जात नाही. वैमानिकाला प्रवासी घेऊन उडत राहायला नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात. वीस तासांच्या उड्डाणात लँडिंग एकच, आणि विमानात वैमानिक चार. क्वांटासमध्ये सेकंड ऑफिसर हे पद आहे. तो आकाशात विमान सांभाळतो, टेकऑफ-लँडिंग करत नाही. म्हणून चौघांत किती फर्स्ट ऑफिसर आणि किती सेकंड ऑफिसर, हा प्रश्न पगाराचा, बढतीचा आणि सुरक्षेचा एकाच वेळी होतो. त्यात जुनी रीत: ए३८० मोठं म्हणून त्याचा दर वरचा, ए३५० लहान म्हणून खालचा. जास्त थकवणाऱ्या कामाला कमी दर, असा तो हिशेब. वैमानिकांना तो अन्यायाचा वाटला, आणि मला त्यांचं पटतं.

नवं विमान आलं की बढतीच्या रांगेला धक्का बसतो, हे मुंबईनेही पाहिलं आहे. एअर इंडियाने २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली. पण २०१२ चा ५८ दिवसांचा संप ७८७ विमानाच्या प्रशिक्षणावरून झाला: एअर इंडियात विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना ते मिळालं तर आपण मागे पडू, ही आंतरराष्ट्रीय मार्गांवरच्या वैमानिकांची भीती होती.

क्वांटासने मार्च २०१८ मध्ये पर्थ-लंडन ही सतरा तासांची सेवा सुरू केली. २०१९च्या अखेरीस तीन प्रायोगिक उड्डाणं झाली: न्यूयॉर्कहून सिडनीला १९ तास १६ मिनिटं, लंडनहून १९ तास १९ मिनिटं, मग पुन्हा न्यूयॉर्कहून. पन्नासच्या आसपास माणसं. वैमानिकांच्या डोक्याला मेंदूच्या लहरी मोजणारी पट्टी, लघवीचे नमुने मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकासाठी. काम चांगलं होतं, पण तीनच उड्डाणं, निवडक माणसं, रिकामं विमान. रोजच्या वेळापत्रकात वर्षभर काय होईल, हे त्यातून सांगता येत नाही, असं आयपाचं म्हणणं होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने संघटनेला बाजूला ठेवून प्रस्ताव थेट वैमानिकांपुढे ठेवला. नाही म्हणालात तर या विमानांसाठी वेगळी कंपनी काढून बाहेरून वैमानिक भरू, असंही कळवलं. एअरबसने निर्णयाची मुदत महिनाभर वाढवून दिली. मार्चच्या अखेरीस ८५ टक्के मतं बाजूने पडली. वर्षाला तीन टक्के वाढ ठरली. पण मतदान चालू असताना काय घडत होतं, ते विसरून हा आकडा वाचता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या होत्या आणि क्वांटासने आपले दोन तृतीयांश कर्मचारी बिनपगारी घरी बसवायचं जाहीर केलं होतं. त्या आठवड्यात नोकरीची हमी वाटेल अशा कुठल्याही कागदावर माणूस सही करेल. जुलैमध्ये शेवटचं ७४७ निघून गेलं, ए३८० उभी राहिली, प्रकल्प लांबला.

बारा विमानांची ऑर्डर मे २०२२ मध्ये निघाली. प्रत्येकात फक्त २३८ जागा आणि मागच्या बाजूला २०,००० लिटरची जादा टाकी. सेवा २०२५च्या अखेरीस सुरू व्हायची होती. त्या टाकीच्या रचनेवर नियामकांनी आक्षेप घेतला, बदल करावे लागले आणि कंपनीचं वेळापत्रक २०२७ वर गेलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिकाची वयोमर्यादा ६५ आहे. २०२० मध्ये मत दिलेल्यांपैकी जे तेव्हा साठीत होते, त्यांना या विमानाच्या उजव्या किंवा डाव्या, कुठल्याच खुर्चीत बसायला मिळणार नाही.