सीलच्या ओठावरचं तेल

माझ्यासमोर टेबलावर एक जुनं ऑइल सील पडलं आहे. परवाच गाडीच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरून काढलेलं. तान्ह्या मुलाच्या बांगडीएवढं: बाहेर पत्र्याची कडी, तिच्यावर चढवलेलं रबर, आतल्या कडेला पातळ ओठ आणि ओठामागच्या खाचेत बसलेली नाजूक तारेची गोल स्प्रिंग. नव्या सीलचा ओठ बोट लावताच कानाच्या पाळीसारखा लवतो. या जुन्याचा ओठ नखाने दाबला तरी हलत नाही. तेवढ्यापायी इंजिनचा पुढचा भाग महिनोन् महिने तेलकट होत होता.

सील म्हणजे तेल अडवणारी भिंत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. त्यामुळे सील बसवायचे अर्धे नियम मला उगाचचे वाटत. ओठाला तेल कशाला लावायचं? शाफ्टवर केसाएवढा ओरखडा पडला तर एवढं काय बिघडतं? या प्रश्नांची उत्तरं मिळाली ती सील प्रत्यक्षात काय करतं हे समजल्यावर. चांगलं सील थोडं तेल ओठाखाली येऊ देतं आणि ते सतत परत आत ढकलत राहतं. ते एक पंप आहे, आणि त्यात एकही हलता भाग नाही.

क्रँकशाफ्ट दट्ट्यांची (पिस्टनची) खालीवर हालचाल गोल फिरण्यात बदलतो. तो इंजिनच्या पोटात तेलाच्या फवाऱ्यात फिरतो, पण त्याची दोन्ही टोकं बाहेर यावीच लागतात. पुढच्या टोकावर पुली असते, मागच्या टोकावर फ्लायव्हील हे जड चाक आणि त्याला लागून क्लच. दांडा जिथून बाहेर येतो तिथे भोक आलंच, आणि तिथेच सील लागतं.

आता या ओठाच्या नशिबी काय येतं ते पाहू. पुढच्या टोकाला शाफ्टचा व्यास 40 मिलिमीटर धरा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर ओठाखालून पोलाद ताशी साधारण 23 किलोमीटर वेगाने घसरत असतं. मागच्या टोकाला व्यास बराच मोठा असतो. तो 90 मिलिमीटर धरला आणि फेरे 6000 धरले, तर हाच वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो. गाडी सरासरी ताशी 50 किलोमीटरने आणि 2000 फेऱ्यांवर चालली असं मानलं, तर एक लाख किलोमीटरच्या प्रवासात क्रँकशाफ्ट 24 कोटी वेळा फिरतो. तेवढ्यात पुढच्या सीलचा ओठ पोलादावरून सुमारे 30,000 किलोमीटर घासला जातो. पृथ्वीच्या परिघाच्या पाऊण भाग! तेही गरम तेलात, आणि घर्षणामुळे ओठाचं टोक तेलाहूनही जास्त तापलेलं असताना.

कोरडं रबर हे सोसूच शकत नाही, काही वेळातच जळून कडक होईल. म्हणजे ओठाखाली तेलाचा थर हवाच. असा थर खरोखर असतो हे ई. टी. जॅगर यांनी 1957 मध्ये प्रयोगांनी दाखवलं. त्याची जाडी असते साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. पण मग कोडं उभं राहतं. ओठाखाली आलेलं तेल पलीकडे, हवेच्या बाजूला का पडत नाही?

उत्तराआधी थोडं मागे जायला हवं, कारण जुन्या लोकांनी हाच प्रश्न मोठ्या आकारात सोडवला होता. कित्येक जुन्या इंजिनांत मागच्या टोकाला सील नसे. शाफ्टवरच स्क्रूसारखे आटे कापलेले असत आणि ते फिरताना तेलाला आत रेटत. इंजिन चालू असेपर्यंत ही युक्ती छान चाले; बंद करून गाडी चढावर उभी केली की तेल आट्यांतून निवांत बाहेर येई. काही इंजिनांत ग्राफाइट लावलेली ॲस्बेस्टॉसची दोरी शाफ्टभोवती दाबून बसवत. (असं जुनं इंजिन कुणी उघडणार असेल, तर ती दोरी कोरडी खरवडू नये आणि तिची धूळ हवेने उडवू नये. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांत कायमचं घर करतात.) ओठ आणि स्प्रिंग असलेलं आजच्या धाटणीचं सील आलं ते 1930च्या दशकाच्या सुरुवातीला. जर्मनीतल्या वाइनहाइम इथली फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडं कमावणारी कंपनी. तिथे वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने पत्र्याच्या कडीत चामड्याची वाटी बसवून ती स्प्रिंगने शाफ्टवर आवळली. ते सील आजही त्याच्या नावाने, ‘झिमररिंग’ म्हणून ओळखलं जातं. पुढे चामड्याची जागा तेलाने न फुगणाऱ्या कृत्रिम रबराने घेतली. ही सीलं अपेक्षेपेक्षा फारच चांगली चालली, पण ती का चालतात याचा उलगडा व्हायला पुढची अनेक दशकं लागली.

सील उभं कापून ओठाकडे पाहिलं तर त्याच्या दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. तेलाकडचा उतार उभा, 45 अंशांच्या आसपासचा. हवेकडचा उतार बराच निजता, 25 अंशांच्या आसपासचा. स्प्रिंगही अगदी टोकावर नसते, किंचित हवेच्या बाजूला सरकवलेली असते. यामुळे ओठ शाफ्टला जिथे टेकतो, त्या एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पट्टीत दाब सगळीकडे सारखा राहत नाही. तेलाच्या कडेजवळ तो चटकन शिगेला पोहोचतो आणि हवेकडे हळूहळू उतरतो.

अंथरलेल्या चादरीवर तळवा दाबून पुढे सरकवा. हाताखालचं कापड पुढे ओढलं जातं, कडेचं मागे राहतं, आणि दोहोंच्या मध्ये तिरक्या चुण्या पडतात. फिरणारा शाफ्ट ओठाच्या रबराशी हेच करतो. जिथे दाब जास्त तिथे रबराचा पृष्ठभाग जास्त ओढला जातो. चालून चालून रबरावर जो सूक्ष्म खडबडीतपणा आलेला असतो, तो या ताणाने तिरका होतो आणि त्यातून अगदी बारीक पाती तयार होतात. सर्वाधिक दाबाच्या रेषेच्या एका अंगाची पाती तेलाला बाहेर रेटतात, दुसऱ्या अंगाची आत. पण ती रेषा तेलाच्या कडेजवळ असल्यामुळे आत रेटणाऱ्यांचा पट्टा रुंद पडतो आणि तीच जिंकतात. शाफ्टवर आटे कापणाऱ्या जुन्या कारागिरांचीच ही युक्ती, फक्त इथे आटे रबर स्वतः पाडतं, आणि तेही शाफ्ट फिरत असेपर्यंतच. शाफ्ट थांबला की स्प्रिंगने आवळलेला ओठ तेलाला जागच्या जागी धरून ठेवतो. मला हे यंत्रशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

याची खात्री करून घेण्याची प्रयोगशाळेतली पद्धत साधी आहे. चालत्या सीलच्या हवेच्या बाजूला थेंबभर मोजलेलं तेल सोडतात आणि ते आत जायला किती वेळ लागतो ते पाहतात. सील ते गिळून टाकतं. तेच सील उलटं बसवलं, तर तितक्याच निष्ठेने तेल बाहेर ओतत राहतं.

आता दुरुस्तीकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे गळती खरंच तिथूनच होते आहे का याची शहानिशा. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथूनच ते निघालेलं असतं असं नाही. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, गॅस्केटमधून (सांध्यातल्या पट्टीतून) किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून झिरपलेलं तेलही थेट क्रँक सीलच्या माथी मारलं जातं. इंजिन धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी थोडी चालवा आणि मग टॉर्च घेऊन पाहा. पावडरीवर सर्वांत वरची ओली रेघ कुठे सुरू होते ते खरं.

दुसरी तपासणी बहुतेक लोक गाळतात, आणि मी याबाबतीत फार आग्रही आहे. ज्वलनातला थोडा वायू दट्ट्याच्या रिंगांच्या फटींतून खाली, तेलाच्या कोठीत उतरतच असतो. तो परत इंजिनच्या तोंडाशी नेण्यासाठी पीसीव्ही झडप आणि एक नळी असते. ती काजळीने तुंबली की आत दाब साठतो. ओठाचा इवलासा पंप अशा दाबाशी झुंजण्यासाठी बनवलेलाच नाही. झडप साफ न करता नवं सील घातलं तर तेही गळणार आणि दोष बिचाऱ्या सीलला लागणार. आधी झडप नि नळी तपासा. कधी कधी तेवढ्यानेच गळती थांबते.

मागचं सील घरी बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवायचं. पुरेशी उंची, आधार आणि मदतीला माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. पुढचं सील मात्र हौशी माणसाच्या आवाक्यातलं आहे. बॅटरी सोडवा, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्या, बेल्ट उतरवा. पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. तो सैल करायला पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारण्याची युक्ती सांगितली जाते. पाना निसटला तर हाड मोडतं. पुली अडकवून धरणारं साधन वापरा. पुली ओढताना पुलर (ओढून काढायचं साधन) बाहेरच्या कडेला लावू नका, कारण बऱ्याच पुल्यांची बाहेरची जड कडी आतल्या भागाला रबराने चिकटवलेली असते आणि ती उखडते.

आणखी एक इशारा. काही इंजिनांत पुली किंवा टायमिंगचं चाक शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्याने) अडकवलेलं नसतं, नुसतं बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. बोल्ट सैल केला की टायमिंगच, म्हणजे दट्ट्ये आणि झडपा यांच्या हालचालींचा मेळच, सुटतं. आपल्या इंजिनात तसं आहे का, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नये. सील टायमिंग बेल्टमागे असेल आणि बेल्ट तेलाने भिजला असेल, तर बेल्टही नवाच घाला. तेलाने त्याचं रबर फुगून दात तुटू शकतात, आणि बेल्ट सुटला तर अनेक इंजिनांत दट्ट्ये झडपांवर आदळतात.

जुनं सील काढताना घाई नडते. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर शाफ्टवर टेकवून सील उचकटलं. सील निघालं, पण शाफ्टवर एक तिरका ओरखडा उमटला. नवं सील पहिल्या दिवसापासून गळू लागलं. आज कारण कळतं: एक मायक्रॉनच्या थरापुढे तो ओरखडा म्हणजे पाटच होता, आणि तिरका असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला तेल बाहेर वाहून नेत होता. म्हणूनच कारखान्यात शाफ्टचा हा भाग घासताना त्यावर सर्पिल खुणा उरणार नाहीत याची काळजी घेतात. आता मी सीलच्या पत्र्यात जपून दोन बारीक स्क्रू फिरवतो आणि पकडीने आलटून पालटून ओढतो. शाफ्टला हत्यार लागू देत नाही.

सील निघालं की शाफ्टवरून नख फिरवा. मऊ रबराने पोलादात खाच पाडलेली सापडली तर चकित होऊ नका. रबरात धुळीचे कण रुततात आणि ओठ पॉलिश कागदासारखा काम करू लागतो. खाच नखाला लागत असेल, तर नवं सील एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवता येतं, मात्र सीलमागचं, तेल परत जाण्यासाठीचं भोक झाकलं जाता कामा नये. नाही तर शाफ्टवर चढवायची पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही मिळते.

नव्या सीलच्या ओठाला इंजिन तेल लावा, नाहीतर पहिले काही फेरे तो कोरडाच घासेल. पण ओठ पांढरट किंवा काळ्या टेफ्लॉनचा असेल आणि उत्पादकाने कोरडं बसवायला सांगितलं असेल, तर तेलाचं बोटही लावू नका. टेफ्लॉनचा पातळ थर शाफ्टवर बसूनच त्याचं काम सुरू होतं. सीलवर बाण असेल तर तो शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेशी जुळवा, कारण त्या ओठावर मुद्दाम तिरक्या धारा घातलेल्या असतात आणि त्या एकाच दिशेने पंप करतात. शाफ्टच्या टोकाला चावीची खाच असेल तर तिच्या धारदार कडेवर पातळ प्लास्टिक गुंडाळून मगच सील सरकवा. स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस भरलं की ठोकताना स्प्रिंग उडत नाही. मग सीलच्या कडीएवढ्या व्यासाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घेऊन ते चहूबाजूंनी सारखं, हलक्या ठोक्यांनी बसवा. वाकडं बसलं तर ओठ एका बाजूला जास्त दाबला जातो, दुसऱ्या बाजूला कमी.

पुलीचा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानेच आवळा. एकदाच वापरायचा असेल तर नवा घ्या. पुलीचा जो दंडगोल सीलमध्ये शिरतो तो पुसून, तेल लावून घाला. इंजिन सुरू करून गरम होऊ द्या आणि पहिल्या काही दिवसांत एकदा टॉर्च घेऊन खाली डोकवा. ओठाच्या कडेला अगदी बारीक ओलसर रेघ दिसली आणि ती ओघळत नसेल, तर कापडाने पुसायलाही जाऊ नका.