पार्श्वभूमी: स्लॉटनीलचा क्लब

उत्तर आयर्लंडच्या डेरी काउंटीत, माहेरा या छोट्या शहराजवळ, कार्नटोहर डोंगराच्या कुशीत स्लॉटनील ही विखुरलेली शेतकरी वस्ती आहे. २०१६ मध्ये तिथल्या रॉबर्ट एमेट्स क्लबने अल्स्टर प्रांताची हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ), गेलिक फुटबॉल (हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश फुटबॉल) आणि कॅमोगी (म्हणजे मुलींचं हर्लिंग) ही तिन्ही विजेतेपदं एकाच मोसमात मिळवली. तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं. एवढीशी वस्ती इथवर कशी पोचली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन यांच्या पुढाकाराने गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजी खेळांचा जोर वाढत असताना देशी खेळ टिकवायचे, हा हेतू. संघटना उभी राहिली ती पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर. ज्या पॅरिशमध्ये राहाल, त्याच क्लबकडून खेळायचं आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत. आपल्याकडची गावची तालीम आठवावी. खेळाडू विकत आणता येत नाही, म्हणून घरचीच पोरं घडवावी लागतात. लहान गावांना या व्यवस्थेत संधी मिळते ती यामुळेच.

स्लॉटनीलचा क्लब १९५३ चा. ब्रिटिशांविरुद्ध उठाव केल्याबद्दल १८०३ मध्ये डब्लिनला फाशी गेलेल्या रॉबर्ट एमेटचं नाव त्याला दिलं गेलं. आयर्लंडच्या फाळणीनंतर ब्रिटिश राज्यात राहिलेल्या उत्तरेत असं नाव घेणं ही उघड राजकीय खूण होती. तिथल्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना संघटनेचं सदस्यत्व नव्हतं. तो नियम २००१ पर्यंत टिकला. मैदान आणि राजकारण वेगळं ठेवा, हा सल्ला तिथे कोणाला देणार?

खरं नवल हर्लिंगचं. ॲश लाकडाची काठी आणि लहानसा कातडी चेंडू घेऊन खेळायचा हा खेळ मुख्यतः दक्षिणेचा. डेरी फुटबॉलचं राज्य. २०१६ पूर्वी डेरीच्या एकाही क्लबला अल्स्टरची हर्लिंग स्पर्धा जिंकता आली नव्हती. त्यात दोन्ही संघांत बरेच खेळाडू तेच. क्रिसी मकेग आणि ब्रेंडन रॉजर्स एका आठवड्यात काठी घेऊन, तर पुढच्या आठवड्यात फुटबॉलच्या मैदानात दिसत. मोठे क्लब एवढी ओढाताण टाळतात. इथे माणसंच कमी, तेव्हा पर्याय नव्हता. मला ही सक्तीच त्यांच्या पथ्यावर पडली असं वाटतं.

याच काळात परिसरात आयरिश भाषेचंही पुनरुज्जीवन सुरू होतं. १९९० च्या दशकापासून लोकांनी स्वतःच्या हिमतीवर आयरिश माध्यमाचं शिक्षण उभं केलं आणि २०१५ मध्ये डंगिव्हनला त्याच माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली.

फुटबॉलमध्ये काउंटीचं पहिलं विजेतेपद आलं २००४ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. मग २०१४, २०१६ आणि २०१७ चं अल्स्टर विजेतेपद. अखिल आयर्लंड अंतिम सामना मात्र दोनदा गमावला: २०१५ ला कोरोफिनकडून आणि २०१७ ला केरीच्या डॉ. क्रोक्स क्लबकडून. मुलींनी ती कसर भरून काढली. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं कॅमोगीचं अखिल आयर्लंड विजेतेपद त्यांनी आणलं. बातम्यांत पुरुषांच्या संघांचं नाव जास्त येतं, पण सर्वोच्च करंडक आणला तो मुलींनी.

पुढे फुटबॉलची सत्ता शेजारच्याच ग्लेन क्लबकडे सरकली. २०२१ आणि २०२२ चे काउंटी अंतिम सामने ग्लेनने स्लॉटनीललाच हरवून जिंकले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो क्लब अखिल आयर्लंड विजेता झाला. त्याच्या पूर्ण नावातही एक बंडखोर आहे: १७९८ च्या उठावानंतर माहेऱ्यात मारला गेलेला वॉटी ग्रॅहम.