पाहणी की चाचणी? मुलांवरचं संशोधन वाचताना

मुलांच्या आरोग्याच्या बातम्यांत ‘संशोधनात असं आढळलं’ हे वाक्य दोन अगदी वेगळ्या कामांना सरसकट चिकटवलं जातं. एका प्रकारात संशोधक कुटुंबांच्या जगण्यात ढवळाढवळ न करता नुसती नोंद ठेवतात: कोणत्या बाळाला काय मिळालं आणि पुढे त्याचं काय झालं. ही पाहणी, म्हणजे निरीक्षणात्मक अभ्यास. दुसऱ्या प्रकारात चिठ्ठ्या टाकून गट पाडतात (हल्ली हे काम संगणक करतो), एका गटाला काही वेगळं देतात आणि मग दोन्ही गट ताडून बघतात. ही यादृच्छिक चाचणी; डॉक्टर मंडळी सर्रास ‘रँडमाइज्ड ट्रायल’च म्हणतात.

फरक आकाराचा किंवा काळाचा असावा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ब्रिटनमध्ये मार्च १९४६च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक मुलांची माहिती ती सत्तरी ओलांडेपर्यंत गोळा होत राहिली, तरी ती पाहणीच. विचारायचं एवढंच, की अमुक गोष्ट कोणत्या बाळाला मिळणार हे ठरवलं कोणी? घरच्यांनी की चिठ्ठीने?

घरच्यांनी ठरवलं असेल तर त्या निर्णयामागोमाग अख्खं घर येतं. श्रीमंत देशांत जास्त महिने अंगावर पाजणाऱ्या आया सरासरीने जास्त शिकलेल्या, बऱ्या उत्पन्नाच्या आणि सिगारेट कमी ओढणाऱ्या असतात. त्यांची मुलं अभ्यासात पुढे दिसली तर श्रेय दुधाला द्यायचं की घराला? शिक्षणाचा, उत्पन्नाचा परिणाम आकडेमोडीतून वेगळा काढता येतो. पण जे मोजलंच नाही, ते वेगळं कसं काढणार?

चिठ्ठीने गट पाडले तर सगळ्या तऱ्हेची घरं दोन्हींकडे साधारण सारखी वाटली जातात, न मोजलेल्या गोष्टींसकट. मग चाचणी करावी म्हटलं, तर ‘या आईने पाजायचं नाही’ असं चिठ्ठीत लिहिता येत नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली यावर छान तोड निघाली. चिठ्ठी बाळांची नाही, रुग्णालयांची टाकली. काही रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानात आईला मदत कशी करायची याचं प्रशिक्षण दिलं. बाकीच्यांत नेहमीचा कारभार चालू राहिला. १७ हजारांवर आया आणि बाळं यात होती. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेली बाळं पहिल्या गटात ४३ टक्के होती, दुसऱ्यात जेमतेम ६. पहिल्या वर्षात पोटाचे संसर्ग आणि इसब, दोन्ही पहिल्या गटात कमी निघाले. लठ्ठपणाचं मात्र काहीच झालं नाही. पाहण्यांमध्ये स्तनपान आणि कमी लठ्ठपणा यांची जोडी वारंवार दिसत होती. इथे मुलं साडेअकरा वर्षांची झाली तरी स्तनपानाला उत्तेजन मिळालेल्या गटात लठ्ठपणा कमी नव्हता. बुद्ध्यांकात साडेसहाव्या वर्षी चांगला फरक दिसला, पण तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना मूल कोणत्या गटातलं हे ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी तो फरक बहुतेक मावळला, भाषेपुरता थोडा उरला.

यावरून ‘स्तनपानाचा फारसा उपयोग नाही’ असा मथळा करणं म्हणजे दुसरं टोक. या चाचणीतल्या सगळ्याच आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती. त्यामुळे अंगावरचं दूध विरुद्ध डब्याचं दूध अशी ही लढत नव्हतीच. शिवाय हिशेब चिठ्ठीत निघालेल्या गटाप्रमाणेच होतो. दुसऱ्या गटातल्या आईने कितीही महिने पाजलं तरी तिची गणती दुसऱ्याच गटात. म्हणजे चाचणीने मोजला तो मदतीचा परिणाम, दुधाचा थेट नव्हे. चाचणी म्हटली की डोळे झाकून मान डोलावणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

कधी पाहणी वाट दाखवते आणि चाचणी शिक्कामोर्तब करते. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे, असं २००८ साली दिसलं. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ पहिल्या वर्षातच मिळत. ब्रिटनमध्ये टाळले जात. कारण तेच, की आणखी काही? म्हणून ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं घेऊन चाचणी झाली. २०१५ साली निकाल आला. सुरुवातीच्या त्वचा-तपासणीत ॲलर्जीची खूण न दिसलेल्या बाळांपैकी शेंगदाणे टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना.

आणि काही प्रश्नांना चिठ्ठी लावताच येत नाही. पालथं झोपवलेली तान्ही बाळं झोपेत अचानक दगावण्याचा धोका जास्त, हे पाहण्यांतूनच कळलं. दगावलेली बाळं आणि त्याच वयाची जिवंत बाळं कशी झोपवली जात होती, याची तुलना वेगवेगळ्या देशांत झाली आणि बोट तिकडेच वळलं. अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणं झोपवा अशी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. अर्धी बाळं मुद्दाम पालथी झोपवून खात्री करून घ्यायला कोणत्याही नीतिसमितीने परवानगी दिली नसती.