हर्निया छोटा, भूल मोठी

हर्नियाचं ऑपरेशन ते केवढं, त्याला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कशाला नि एवढी चौकशी कशाला, असं गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ओपीडीबाहेर बसलेले आईबाप हमखास म्हणतात. पण मुलाच्या हृदयात जन्मापासून दोष असला की खरी कसोटी भूल देणाऱ्या डॉक्टरची लागते, सर्जनचं काम त्यामानाने सोपं.

फॅलोज टेट्रालॉजीच घ्या, मार्सेच्या डॉ. फॅलोने १८८८ मध्ये नीट वर्णन केलेला आजार. दोष चार, पण त्रास मुख्य दोघांचा: हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद. मूल रडलं, घाबरलं की ती वाट अजून आवळते, मग अशुद्ध रक्त फुप्फुसात जायचं सोडून भोकातून पलीकडे घुसतं आणि तसंच अंगभर फिरतं, ओठ-नखं निळी पडतात. अशी मुलं खेळता खेळता मधेच उकिडवी बसतात, कोणी शिकवलेलं नसतं हां, पण त्याने पायातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडचा दाब वाढतो आणि रक्ताला फुप्फुसाकडे वळावंच लागतं. थिएटरात असा निळं पडण्याचा झटका आला तर डॉक्टरपण तेच करतात, गुडघे छातीशी दाबून धरतात, सोबत ऑक्सिजन, सलाईन आणि रक्तवाहिन्या आवळणारं फेनिलेफ्रिन. भुलीची बरीच औषधं रक्तवाहिन्या सैल सोडतात, इथे नेमकं तेच नको असतं, म्हणून बरेचदा केटामीन वापरतात, ते भुलीचं औषध त्या सैल सोडत नाही.

सलाईनच्या नळीवर टिचक्या मारत बसलेला डॉक्टर दिसला तर तो टाइमपास करत नाही! बारीकसा बुडबुडा एरवी फुप्फुसात अडकून विरतो, इथे भोकातून थेट मेंदूत जाऊ शकतो.

दोष फुप्फुसातच असला तर उलटंच, मदतच नडते. एखाद्या बाळाच्या फुप्फुसाचा एक भाग जन्मतःच असा असतो की हवा आत जाते पण बाहेर येत नाही, तो फुगून बाकीचं सगळं दाबतो. तिथे नेहमीसारखा मशीनने जोरात श्वास दिला, किंवा नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू दिला, की तो भाग अजूनच फुगतो. म्हणून छाती उघडेपर्यंत शक्यतो बाळाला स्वतःचा श्वास स्वतःच घेऊ देतात, आणि भूल तर द्यायचीच, ही तारेवरची कसरत.

आणि उपाशी ठेवण्याचं. पेज सहा तास आधी बंद, पण साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. आमच्याकडे "रात्रीपासून थेंब दिला नाही" असं कौतुकाने सांगतात, पण निळ्या मुलाचं रक्त आधीच दाट असतं, पाणी तोडलं तर गुठळीचा धोका. तेव्हा पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या, आणि मूल उकिडवं बसतं का तेही न विचारता सांगा.